उद्योगाचं नेतृत्व बायकांकडे आलं की देश स्पर्धेत टिकतो, की टिकलेल्या देशांतच त्यांना जागा मिळते?

निळीशाई

देशाच्या स्पर्धाक्षमतेचा विषय निघाला की बंदरं, वीज, व्याजदर, कर, संशोधनावरचा खर्च यांवर तावातावाने बोललं जातं. उद्योग चालवणाऱ्यांमध्ये बायका किती, हा मुद्दा मात्र महिला दिनाच्या भाषणात येतो आणि तिथेच संपतो. मला तो अर्थकारणाच्या मुख्य चर्चेत हवा आहे, म्हणून हा धागा काढतेय.

माझं म्हणणं असं. स्पर्धाक्षमता म्हणजे शेवटी उत्पादकता. ती टिकाऊ हवी असेल तर आजच्या नफ्यासाठी उद्याची माणसं, पाणी, जमीन आणि हवा खर्ची पडता कामा नयेत. असे निर्णय जिथे होतात तिथे निम्म्या लोकसंख्येतलं जवळपास कोणीच नसेल, तर तो देश उपलब्ध बुद्धीतली निम्मी न वापरताच जगाशी टक्कर घेतोय. अन्याय होतो हे खरंच आहे, पण इथे मला नुकसानाबद्दल बोलायचंय.

दोन प्रश्न आहेत. स्त्रिया नेतृत्वात आल्यामुळे देश पुढे जातात, की पुढे गेलेल्या देशांत स्त्रियांना वर यायला वाव मिळतो? आणि कायद्याने टक्केवारी ठरवून दिली तर काही साधतं का? अनुभव, वाचन, मतभेद, सगळं येऊ द्या.

शंकेखोर

मतभेदापासून सुरुवात करतो. मुळात 'देशाची स्पर्धाक्षमता' ही कल्पनाच मला पटत नाही. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी १९९४ मध्ये यावर लिहिलं होतं. कंपनी हरली तर बंद पडते, देश तसा बंद पडत नाही. शिवाय दोन देशांतल्या व्यापारात दोघांचंही भलं होऊ शकतं.

दुसरं, संचालक मंडळात बायका जास्त असलेल्या कंपन्या जास्त कमावतात, असे सल्लागार कंपन्यांचे अहवाल दरवर्षी येतात. पण जी कंपनी आधीच चांगली चाललीय तिलाच अशा गोष्टींकडे लक्ष द्यायला उसंत असते, हेही तेवढंच शक्य आहे. आधी काय आणि नंतर काय, हे सिद्ध झाल्याशिवाय मी मान डोलावणार नाही.

जांभूळ

पहिल्याच प्रतिसादात शंका! शंकेखोर नावाला जागले, आता धागा शंभरी गाठणार.

निळीशाई

शंकेखोर, क्रुगमन यांचा आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच मी उत्पादकतेचं नाव घेतलं. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनीही १९९० मध्ये हेच मांडलं होतं, की देशाच्या पातळीवर स्पर्धाक्षमतेला अर्थ द्यायचा तर तो उत्पादकता एवढाच उरतो. म्हणजे त्या मुद्द्यावर आपण एकाच बाजूला आहोत. आधी काय नि नंतर काय, यावर कोणीतरी आकडेवारी जाणणाऱ्याने लिहावं.

सरासरी

संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे हाक ऐकू आली. या विषयावर बरंच काम झालंय, पण प्रत्येक जण आपल्याला सोयीचं तेवढं उचलतो. म्हणून जरा लांबण लावतो.

आधी कंपन्यांबद्दल. २०१५ मध्ये पोस्ट आणि बायरन यांनी १४० अभ्यास एकत्र करून तपासले. संचालक मंडळातलं स्त्रियांचं प्रमाण आणि ताळेबंदात दिसणारा परतावा यांच्यात संबंध निघाला, पण बारीकसा. शेअर बाजारातल्या कामगिरीशी संबंध जवळजवळ शून्य. तेव्हा 'बाई नेमा, नफा वाढवा' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बायका आल्या की कंपनी घसरते, यालाही आधार नाही.

मग नॉर्वे. तिथे २००३ मध्ये सार्वजनिक मर्यादित कंपन्यांच्या संचालक मंडळांत ४० टक्क्यांची अट घालणारा कायदा झाला. २००८ पर्यंत अट पाळली नाही तर कंपनी विसर्जित करण्यापर्यंतची तरतूद होती. त्याआधी मंडळांत स्त्रिया दहा टक्क्यांच्याही आत होत्या. २०१२ मध्ये अहर्न आणि डिटमार यांचा निबंध आला, की सक्तीमुळे कंपन्यांचं बाजारमूल्य घटलं. आरक्षणविरोधक आजही त्याचाच दाखला देतात. पण नंतर दुसऱ्या अभ्यासकांनी तोच काळ पुन्हा तपासला तेव्हा ती घट ठामपणे सिद्ध होत नाही असं दिसलं. २०१९ मध्ये मारियान बर्ट्रांड आणि सहकाऱ्यांनी निराळाच प्रश्न विचारला: या कायद्याचा बाकीच्या बायकांना काय फायदा झाला? कायद्यानंतर मंडळांवर आलेल्या स्त्रिया आधीच्या संचालिकांपेक्षा जास्त पात्रतेच्या होत्या. 'लायक बायका मिळणारच नाहीत' हा दावा तिथे फोल ठरला. पण त्याच कंपन्यांत खाली काम करणाऱ्या स्त्रियांच्या पगारात किंवा बढतीत फारसा फरक पडल्याचं आढळलं नाही.

आता देशाचा हिशेब, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १९६० साली अमेरिकेतल्या डॉक्टर आणि वकिलांत ९४ टक्के गोरे पुरुष होते. २०१० पर्यंत हे प्रमाण ६२ टक्क्यांवर आलं. हुशारी काही वंशावर आणि लिंगावर वाटलेली नसते, म्हणजे १९६० साली कितीतरी लायक माणसं चुकीच्या कामाला जुंपलेली होती. शिए, हर्स्ट, जोन्स आणि क्लेनो या चौघांनी २०१९ मध्ये हिशेब मांडला, की त्या ५० वर्षांत अमेरिकेचं दरडोई उत्पादन जेवढं वाढलं, त्यातला २० ते ४० टक्के भाग माणसं आपल्या कुवतीच्या कामाला लागल्यामुळे असू शकतो. त्यात कृष्णवर्णीय पुरुषही आहेत, पण मोठा हिस्सा स्त्रियांचा. निळीशाई यांच्या 'नुकसान' या शब्दाला यापेक्षा मजबूत पाठबळ मला माहीत नाही.

कोपरा

सरासरी, +१. छापून ठेवावा असा प्रतिसाद.

शंकेखोर

हा शेवटचा हिशेब मला पटतो, आणि मोकळेपणाने पटतो. पण तो सगळ्या व्यवसायांचा आहे, नेतृत्वाचा नाही. डॉक्टर झालेली बाई आणि कंपनीची अध्यक्ष झालेली बाई या वेगळ्या गोष्टी आहेत. आणि नॉर्वेबद्दल तुम्हीच सांगितलंत की वरच्या खुर्च्या भरल्या तरी खाली काही झिरपलं नाही. मग धाग्याच्या शीर्षकातल्या 'नेतृत्वा'चं काय उरलं?

यंत्रवेडी

इथे मला बोलायलाच हवं. मी उत्पादनात आहे. सुपरवायझर म्हणून लागले आणि आता एका प्लँटची जबाबदारी माझ्याकडे आहे.

नॉर्वेत का झिरपलं नाही, याचं उत्तर माझ्या मते खुर्चीच्या प्रकारात आहे. संचालक मंडळातला बिगरकार्यकारी सदस्य वर्षातून मोजक्या बैठकांना येतो. शिफ्ट कशा लावायच्या, सुरक्षेवर किती खर्च करायचा, ट्रेनिंगला कोणाला पाठवायचं, पुढचा लाइन लीडर कोण, यातलं तो काहीच ठरवत नाही. ते प्लँट हेड, विक्रीप्रमुख, खरेदीप्रमुख ठरवतात. ज्यांच्यावर नफातोट्याची थेट जबाबदारी असते ती ही माणसं, आणि उद्याचा सीईओ बहुतेक वेळा यांच्यातूनच येतो. बायका मात्र मनुष्यबळ, कायदा, जनसंपर्क या खात्यांत वर चढतात आणि तिथून पुढचा जिना बंद असतो. त्या खात्यांचं काम कमी महत्त्वाचं आहे असं मी म्हणत नाही, पण कंपनी चालवायला द्यायची वेळ येते तेव्हा त्या नावांचा विचार होत नाही हे डोळ्यांनी पाहिलंय.

पूर्वी एका ठिकाणी मला उत्पादनातून उचलून 'कर्मचारी कल्याण' सांभाळायला सांगितलं होतं. हेतू चांगला होता, रात्रपाळीतून माझी सुटका व्हावी एवढाच. मी नकार दिला आणि त्यावरून बरीच नाराजी ओढवली. होकार दिला असता तर आज हा प्लँट माझ्याकडे नसता याची मला खात्री आहे.

आणि झिरपण्याचं म्हणाल तर, प्लँट हेड बाई असली की पहिला फरक पडतो तो तक्रारींत. कपडे बदलायच्या खोलीची, हातमोज्यांच्या मापाची, अंधाऱ्या पार्किंगची तक्रार आधी कोणी करतच नव्हतं. ती यायला लागली, दुरुस्त्या झाल्या, आणि मुली टिकायला लागल्या. ऑपरेटर सारखे बदलत राहिले तर गुणवत्ता कशी घसरते ते उत्पादनातल्या कोणालाही विचारा.

जांभूळ

हातमोज्यांच्या मापावरून राष्ट्रीय उत्पादकतेपर्यंत! असे प्रतिसाद वाचायलाच मी इथे येतो.

सरासरी

यंत्रवेडी, तुमच्या म्हणण्याला एका अनपेक्षित ठिकाणाहून दुजोरा मिळतो. विषय राजकारणाचा आहे, थोडं अवांतर चालेल ना?

७३व्या घटनादुरुस्तीनंतर भारतात पंचायतींमध्ये एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. पश्चिम बंगालमध्ये कोणत्या गावाला राखीव प्रमुखपद मिळणार हे जवळपास चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरत होतं, त्यामुळे संशोधकांना आयता प्रयोगच मिळाला. चट्टोपाध्याय आणि दुफ्लो यांनी २००४ मध्ये दाखवलं की स्त्री-प्रमुख असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यासारख्या, बायकांनी मागितलेल्या गोष्टींवर जास्त काम झालं. पुढे लोरी बीमन आणि सहकाऱ्यांना आढळलं की जिथे सलग दोनदा आरक्षण आलं तिथे बाईच्या नेतृत्वाबद्दलचा अविश्वास कमी झाला आणि आरक्षण उठल्यावरही स्त्रिया जास्त संख्येने निवडून आल्या. २०१२ मध्ये त्यांनी हेही दाखवलं की अशा गावांत आईवडील मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी पाहत असलेल्या स्वप्नांतलं अंतर कमी झालं होतं.

नॉर्वेत झिरपलं नाही आणि इथे झिरपलं, हे असं का? माझा अंदाज यंत्रवेडींच्या मुद्द्याच्या जवळ जातो. पंचायतीची प्रमुख गावाला रोज दिसते. तिच्याकडे जावं लागतं, तिच्याशी भांडावं लागतं. मंडळातली संचालिका कंपनीतल्या कामगाराला कधी दिसतच नाही.

ताळेबंद

कायदे करणाऱ्यांच्याही हे लक्षात आलंय असं दिसतं. फ्रान्सने २०११ मध्ये संचालक मंडळांसाठी ४० टक्क्यांचा कायदा केला. मग २०२१ मध्ये दुसरा कायदा आणला, तो प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्या वरिष्ठ पदांसाठी. हजार किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांत २०२६ पर्यंत ३० टक्के आणि २०२९ पर्यंत ४० टक्के. जर्मनीने २०१५ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या पर्यवेक्षी, म्हणजे कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळांत ३० टक्क्यांची अट आणली आणि २०२१ मध्ये व्यवस्थापन मंडळात निदान एक स्त्री हवी असं सांगितलं. युरोपीय महासंघाचा २०२२ चा निर्देश मात्र अजून मुख्यतः बिगरकार्यकारी जागांभोवतीच फिरतो.

ब्रिटनने सक्ती केली नाही, फक्त लक्ष्य जाहीर केलं. २०११ मध्ये तिथल्या १०० सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या मंडळांत साडेबारा टक्के स्त्रिया होत्या. २०१५ पर्यंत २५ टक्क्यांचं लक्ष्य गाठलं आणि पुढे आकडा ४० च्या वर गेला. पण त्याच १०० कंपन्यांत सीईओ असलेल्या बायका मोजायला दोन हातांची बोटं पुरेशी आहेत. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांना निदान एक महिला संचालक बंधनकारक केली. पुढे सेबीने मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना ती स्वतंत्र संचालक असावी अशी अट घातली. त्याआधी घरातलीच कोणीतरी नेमून मोकळं होण्याची सोय होती.

हिशेब तपासण्याच्या कामामुळे मी बऱ्याच मंडळांच्या बैठका पाहिल्यात. एकच बाई असते तेव्हा तिने बोललेलं 'महिलांचं मत' म्हणून ऐकलं जातं. तिघी असल्या की प्रत्येकीचं मत तिचं स्वतःचं होतं, आणि त्या आपसांतही भांडतात. ते पाहून मला फार बरं वाटतं.

मनुष्यबळ

यंत्रवेडी यांनी आमच्या खात्याला कोपरखळी मारली, ती प्रेमाने स्वीकारते. पण एका गोष्टीवर असहमती नोंदवायचीय. जिना बंद असण्याचं कारण फक्त पूर्वग्रह नाही, कामाची रचनाही आहे. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच प्रकारच्या कामासाठी. काही पदांवर दुप्पट तास दिले तर पगार दुपटीहून जास्त मिळतो. घरात मूल आलं की अशी दोन पदं एकाच घरात चालत नाहीत, कोणीतरी एक मागे सरकतं, आणि ती बहुतेक वेळा बाईच असते. डेन्मार्कसारख्या देशातसुद्धा पहिल्या मुलानंतर स्त्रीची कमाई पुरुषाच्या तुलनेत दीर्घकाळासाठी सुमारे २० टक्के खाली राहते, असं क्लेवन आणि सहकाऱ्यांनी दाखवलंय. शिक्षण सारखं, हुशारी सारखी. फरक पडतो तो मूल झाल्यावर.

म्हणून मला मंडळांच्या टक्केवारीपेक्षा पाळणाघर आणि रजा यांची चर्चा जास्त मोलाची वाटते.

आणि रजेचा खर्च कोण उचलतो हे फार महत्त्वाचं. मातृत्व रजेच्या पगाराचा थेट बोजा एकट्या मालकावर पडू नये, सामाजिक विमा किंवा सार्वजनिक निधीतून तो भागवावा, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा १८३ क्रमांकाचा करार सांगतो. भारताने २०१७ मध्ये रजा २६ आठवडे केली, पण विम्याच्या कक्षेबाहेरच्या आस्थापनांत पूर्ण पगार मालकानेच द्यायचा. मुलाखती घेताना समोरच्या व्यवस्थापकाच्या चेहऱ्यावर हा हिशेब मी वाचलाय. रजा जितकी उदार आणि खर्च जितका एकट्या मालकावर, तितकी तरुण बाईला नोकरी नाकारली जाण्याची भीती जास्त.

वाचनमात्र

एरवी फक्त वाचतो, पण मनुष्यबळ यांच्या प्रतिसादावर लिहिल्याशिवाय राहवेना.

मुलगी झाल्यावर मी मोठी रजा घेतली. बायको तिच्या कंपनीत एका नव्या विभागाची प्रमुख होणार होती आणि ती संधी पुन्हा आली नसती. माझ्या कार्यालयात वरच्यांनी थेट विरोध केला नाही, पण त्या वर्षीच्या बढतीत माझं नाव नव्हतं. जे मला एकदा सोसावं लागलं ते बायकांना धरूनच चालावं लागतं, हे तेव्हा अंगाला लागलं. बायको आज तो विभाग चालवते, आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे.

स्वीडनने १९७४ मध्येच बाळंतपणाची रजा दोन्ही पालकांसाठी खुली केली. तरी बाप ती घेत नव्हते. १९९५ मध्ये एक महिना बापासाठी राखीव झाला, घेतला नाही तर वाया जाणार, तेव्हा चित्र पालटायला लागलं. आज ४८० दिवसांपैकी प्रत्येक पालकासाठी ९० दिवस राखीव आहेत. बापाने रजा घेणं सर्रास झालं तर मालकाला तरुण पुरुष आणि तरुण स्त्री यांच्यात फरक करायला कारणच उरत नाही. बायकांच्या नेतृत्वासाठी याहून उपयोगी कायदा मला सुचत नाही.

कोपरा

वाचनमात्र, आता नाव बदला. उत्तम लिहिलंत.

शंकेखोर

पाळणाघरांवर एक सावधगिरीची टीप. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९९७ पासून अगदी कमी शुल्कात पाळणाघरं सुरू केली. लहान मुलं असलेल्या बायकांचा रोजगार वाढला, हे निर्विवाद. पण बेकर, ग्रुबर आणि मिलिगन यांनी २००८ मध्ये दाखवलं की काही मुलांच्या वागणुकीवर आणि तब्येतीवर वाईट परिणाम झाले. नुसती संख्या वाढवून, शिकवलेल्या सेविका आणि जागा यांवर खर्च न करता हे करू नये. तो खर्च धरूनच धोरणाचा हिशेब मांडायला हवा.

मनुष्यबळ

पूर्ण सहमत. सेविकांचे पगार सगळ्यांत कमी ठेवायचे आणि वर आपण स्त्रियांना बळ दिलं म्हणायचं, हे मला सहनच होत नाही. त्या सेविका बायकाच असतात.

नव्यावाटा

सगळी चर्चा मोठ्या कंपन्यांची चाललीय. स्वतःचा व्यवसाय उभारणाऱ्यांचं काय? मी छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवते आणि गुंतवणूक मिळवताना जे अनुभवलं ते पुढे संशोधनात वाचायला मिळालं तेव्हा थक्क झाले.

डाना कान्झे आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या एका स्पर्धेतले गुंतवणूकदारांचे प्रश्न तपासले. पुरुष संस्थापकांना प्रश्न आले वाढीचे: ग्राहक किती मिळवाल, बाजार किती मोठा होईल? स्त्रियांना आले धोक्याचे: आहेत ते ग्राहक कसे टिकवाल, तोटा कधी भरून निघेल? वाढीचे प्रश्न ज्यांना विचारले गेले त्यांना कित्येक पटींनी जास्त पैसा मिळाला. उपाय मात्र सोपा आणि माझ्या कामी आलेला: प्रश्न धोक्याचा आला तरी उत्तर वाढीचं द्यायचं. 'ग्राहक कसे टिकवाल' याला मी 'आहेत त्यांच्याच शिफारशीवरून पुढचे येताहेत, ते असे' असं उत्तर देते.

पण हे उपाय मी एकटीने का करायचे? प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूलाही बायका असल्या पाहिजेत. अमेरिकेत केवळ स्त्रियांनी स्थापन केलेल्या कंपन्यांना साहसी भांडवलातला (व्हेंचर कॅपिटल, नव्या कंपन्यांत जोखीम घेऊन गुंतवलेला पैसा) साधारण दोन टक्के वाटा मिळतो. बाकीच्या कल्पना वाईट म्हणून मेल्या, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकेल का?

ताळेबंद

नव्यावाटा, याला इतिहासही आहे. तो विसरून आपण 'बायका उद्योगात मागे का' असं विचारतो. फ्रान्समध्ये विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय नोकरी करायचा आणि बँकेत खातं उघडायचा हक्क १९६५ मध्ये मिळाला. स्पेनमध्ये नवऱ्याच्या परवानगीची अट १९७५ पर्यंत होती. अमेरिकेत काही राज्यांत बाईला व्यवसायासाठी कर्ज घेताना पुरुष नातेवाइकाची सही लागे, ते १९८८ च्या कायद्याने पुरतं संपलं. या तारखा आपल्या आया-आज्यांच्या काळातल्या आहेत. उद्योगाला भांडवल, ओळखी आणि पत लागते, आणि या तिन्ही गोष्टी पिढ्यान् पिढ्या साठत जातात. ज्यांना परवापर्यंत सहीचाही हक्क नव्हता त्यांची पत कुठून साठणार?

आजही जागतिक बँकेच्या पाहणीनुसार जगातल्या स्त्रियांना पुरुषांच्या तुलनेत साधारण दोन-तृतीयांशच कायदेशीर हक्क आहेत.

जांभूळ

माझा एक भाबडा प्रश्न. शीर्षकात 'टिकणं' आहे. बायका जात्याच निसर्गाची जास्त काळजी घेतात, म्हणून त्यांच्या हाती उद्योग दिले की पर्यावरण वाचेल, असं खूपदा वाचतो. खरं आहे का?

यंत्रवेडी

मला हे वाक्य अजिबात आवडत नाही. माझ्या प्लँटमधलं सांडपाणी प्रक्रिया केंद्र नीट चालतं, कारण मी त्याचे आकडे रोज पाहते आणि ते बंद ठेवून वीज वाचवायला परवानगी देत नाही. त्यात माझं बाईपण कुठे आलं? बायकांना ममताळू ठरवलं की पुढचं पाऊल असतं त्यांना पुन्हा 'कल्याण' खात्यात बसवणं.

सरासरी

पुरावाही सावधच आहे. मंडळात स्त्रिया जास्त असलेल्या कंपन्या प्रदूषणाची माहिती जास्त उघड करतात असा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसतो, पण कारण कोणतं हे सांगता येत नाही.

निळीशाई

यंत्रवेडी, पटलं. मला 'टिकाऊ' यातून स्वभावाबद्दल काही म्हणायचं नव्हतं. एक आठवण मात्र सांगते. भावी पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणारा विकास, ही आज सर्वत्र वापरली जाणारी व्याख्या १९८७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाची. त्याच्या अध्यक्ष होत्या नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड. १९८६ मधल्या त्यांच्या मंत्रिमंडळात १८ पैकी ८ स्त्रिया होत्या. २००३ चा कायदा त्या वातावरणात वाढलेल्या देशाने केला, हे विसरता येत नाही.

आणि टिकाऊपणात माणसंही येतात. दक्षिण कोरिया पाहा. तंत्रज्ञान, जहाजबांधणी, सेमीकंडक्टर यांत तो देश आघाडीवर आहे. पण स्त्री-पुरुष पगारातली तफावत श्रीमंत देशांत सर्वांत जास्त तिथेच, साधारण ३० टक्के. आणि २०२३ मध्ये तिथला जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, ०.७२ वर आला. जपानने २००३ मध्येच ठरवलं होतं की २०२० पर्यंत नेतृत्वाच्या जागांवर ३० टक्के स्त्रिया असतील. ते साधलं नाही आणि मुदत पुढे ढकलली गेली. नोकरी करणाऱ्या जपानी स्त्रियांची संख्या खूप वाढली, पण बऱ्याच जणी कायम नसलेल्या, कमी पगाराच्या कामांत अडकल्या. ज्या देशात बाईला करिअर आणि मूल यांतलं एकच निवडावं लागतं तो देश पंचवीस वर्षांनी कारखान्यांत कोणाला उभं करणार?

शंकेखोर

जननदर फिनलंडसारख्या, रजा आणि पाळणाघरं उत्तम असलेल्या देशांतही घसरलाय. त्यामुळे एवढ्या एका धाग्याने तो प्रश्न बांधू नका. पण पगाराची दरी आणि अडकलेल्या बायका, हा उत्पादकतेचा सरळ तोटा आहे, हे आता मी मान्य करतो. निळीशाई, तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं आजचं उत्तर असं: माणसं कुवतीच्या जागी पोचली की देश पुढे जातो, हे सिद्ध झालंय. फक्त वरच्या काही खुर्च्या भरल्यानेही तेच साधतं, हे सिद्ध झालेलं नाही. दुसऱ्या प्रश्नाबद्दल, फक्त मंडळांपुरत्या आरक्षणाला माझा विरोध कायम आहे. बापाच्या राखीव रजेला पूर्ण पाठिंबा.

जांभूळ

शंकेखोरांचा पाठिंबा! धाग्याचं सोनं झालं.

नव्यावाटा

शंकेखोर, मंडळाच्या आरक्षणाबाबत माझा तुमच्याशी वाद राहीलच. दार कायद्याने उघडलं म्हणून लायक स्त्रिया दिसल्या, हे सरासरींनीच नॉर्वेबद्दल लिहिलंय. आधी त्या नव्हत्या असं थोडंच आहे? पण आणखी एक विचारायचंय. माझ्यासारख्या छोट्या कंपनीला कोणी सक्ती करणार नाही. मोजायचं तर मी नेमकं काय मोजू?

ताळेबंद

नव्यावाटा, माझ्या छोट्या ग्राहकांना मी सांगते तेच लिहिते. एक, नफातोटा ज्यांच्या हातात आहे अशी पदं मोजा, आणि त्यांतल्या किती बायकांकडे आहेत ते पाहा. एकूण कर्मचाऱ्यांची टक्केवारी फसवी असते. दोन, मूल झाल्यावर रजेवरून परत आलेल्या किती जणी पुढच्या दोन वर्षांत टिकल्या आणि किती जणींना बढती मिळाली. तीन, सारख्या कामाच्या पगारांचा मध्यक (चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा पगार), स्त्रिया आणि पुरुषांचा वेगवेगळा. ब्रिटनमध्ये २५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्यांना २०१७ पासून पगाराच्या तफावतीचे आकडे जाहीर करावे लागतात. कारणं त्यातून कळत नाहीत, पण व्यवस्थापनाला उत्तर द्यावं लागतं. आइसलंडने २०१८ पासून त्याच्याही पुढे जाऊन, २५ किंवा जास्त कर्मचारी असतील तर समान पगाराचं प्रमाणपत्रच मागितलं.

यंत्रवेडी

चौथं माझ्याकडून: रिकाम्या झालेल्या प्रत्येक लाइन-पदासाठी मुलाखतीला किती बायका बोलावल्या. यादीत एकच बाई असेल तर तिची निवड क्वचितच होते. मी यादीत निदान दोघी असल्याशिवाय मुलाखती सुरूच करत नाही, आणि त्यासाठी पद महिनाभर रिकामं ठेवावं लागलं तरी ठेवते.

नव्यावाटा

चारही लिहून घेतलं. आमचं पहिलं तिमाहीचं काम हेच, आणि आकडे लाजिरवाणे निघाले तरी इथेच टाकते.